सत्त्याहत्तर चेंडूंचा चौकोन

क्रिकेटवर पोसलेल्या माणसाला बेसबॉलचा एक हिशेब पचता पचत नाही. दहापैकी सात वेळा अपयशी ठरणारा फलंदाज तिथे उत्तम समजला जातो! पण बॅट गोल, चेंडूही गोल, आणि मोठ्यांच्या खेळात बॅटची जाडी फार तर २.६१ इंच. बॅट चेंडूच्या मध्याच्या जराशी वर लागली की तो जमिनीवर घरंगळतो, जराशी खाली लागली की सोपा झेल. टुकूटुकू खेळून दिवस काढायची सोय नाही. चेंडू रेषांच्या आत पडला की पळायलाच हवं.

इतिहास उरकून टाकतो. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा आणि होम प्लेट म्हणजे फलंदाजापुढची पाटी, यांच्यातलं ६० फूट ६ इंचांचं अंतर १८९३ मध्ये ठरलं. मुलांची लिटल लीग कार्ल स्टॉट्झ यांनी १९३९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला सुरू केली. तिथे हे अंतर ४६ फूट.

खरी ग्यानबाची मेख या ४६ फुटांतच आहे. बारा वर्षांच्या एखाद्या तगड्या पोराने ताशी ७० मैलांनी टाकलेला चेंडू तेवढ्या अंतरात समोरच्याला जितका वेळ देतो, तितकाच मोठ्यांच्या मैदानावर ९२ मैलांचा चेंडू देतो. अर्धा सेकंदही नाही. त्यातले सेकंदाचे १५ शतांश नुसती बॅट फिरवण्यात जातात. न्यू जर्सीत माझ्या भाचीचा मुलगा खेळतो. जाळीमागून भाची ओरडते, “अरे, बघून मार!” मुलगा घरी येऊन मला म्हणतो, “आजोबा, बघायला वेळच कुठे असतो?” पोराचं खरं आहे. चेंडू शेवटचे काही फूट कापतो, तेव्हा मोठमोठ्या खेळाडूंची नजरसुद्धा त्याच्या मागे पडते. पिचरच्या हातून सुटतानाच तो ओळखावा लागतो.

हे जरा अंगवळणी पडतं न पडतं तोच तेरावं वर्ष लागतं. अंतर वाढतं, हातपाय लांबतात, बॅट जड होते आणि समोरचा पिचर चेंज-अप शिकून येतो. हाताची फेक तीच, चेंडू मात्र रेंगाळत येणारा. पोराची बॅट आधीच फिरून मोकळी. गेल्या वर्षीचा हिरो यंदा बाकावर बसतो, आणि आईबापांना वाटतं, याचं लक्षच उडालं. मायकेल जॉर्डनसारखा अचाट खेळाडू १९९४ मध्ये बर्मिंगहॅम बॅरन्सकडून खेळला, तोही १२७ सामन्यांत ११४ वेळा स्ट्राइकआउट (तीन संधी हुकून बाद) झाला. सरासरी ०.२०२, म्हणजे दहापैकी जेमतेम दोनदा यश. तिथे पोरांचं काय घेऊन बसलात!

आता माझ्या लाडक्या माणसाकडे येतो. टेड विल्यम्स. १९४१ च्या हंगामाचा शेवटचा दिवस, २८ सप्टेंबर, फिलाडेल्फिया. त्याची सरासरी ०.३९९५५, म्हणजे तीन दशांश स्थळांपर्यंत ०.४००. न खेळता बसला असता तरी विक्रम पदरात होता. पण तेवीस वर्षांचा हा गडी त्या दिवशीचे दोन्ही सामने खेळला, आठपैकी सहा वेळा यशस्वी झाला आणि ०.४०६ वर थांबला. त्यानंतर अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये आजवर कुणालाही पूर्ण हंगामात ०.४०० गाठता आलेलं नाही.

पण मला त्याच्या फटक्यांपेक्षा त्याचं सोडणं भावतं. आपल्या पुस्तकात त्याने स्ट्राइक झोनमध्ये, म्हणजे ज्यातून गेलेला चेंडू न मारला तरी ‘स्ट्राइक’ आणि ज्याबाहेरून गेलेला ‘बॉल’ ठरतो त्या चौकोनात, सात आडवे, अकरा उभे असे ७७ चेंडू मांडले आणि प्रत्येक जागी स्वतःची सरासरी किती राहील, हे लिहिलं. मधोमध ०.४००, खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात ०.२३०. कूपर्सटाउनच्या बेसबॉल संग्रहालयात हा चौकोन रंगीत चेंडूंनी मांडलेला आहे. त्यापुढून मला बायकोने ओढून नेलं. माझं ठाम मत आहे की पोरांना आधी हा चौकोन शिकवावा, बॅट नंतर. सराव करताना नुसतं उभं राहायचं आणि चेंडू हातून सुटताच ‘स्ट्राइक’ की ‘बॉल’ ते ओरडायचं. पण न मारता बाद झालेल्या पोरावर जाळीमागची मंडळी इतकी तुटून पडतात, की पुढच्या वेळी ते डोक्यावरचा चेंडूही मारायला जातं.

१९६९ मध्ये विल्यम्स वॉशिंग्टन सेनेटर्सचा मॅनेजर झाला आणि संघाची सरासरी ०.२२४ वरून ०.२५१ वर गेली. त्याच वर्षी पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० वर आणला होता, हेही खरं. थोडं श्रेय त्या बदलालाही द्यायला हवं. पुढे संघ टेक्सासला गेला. १९७२ मध्ये त्याने १०० सामने गमावले, सरासरी ०.२१७ वर घसरली आणि विल्यम्सने मॅनेजरकी सोडली.