काडतुसाची पुंगळी, पितळी

काडतुसाची पुंगळी, पितळी : गोळी, दारू आणि दारू पेटविणारी टोपी हे काडतुसाचे तीन घटक ज्या नळीवजा आवरणात एकत्र बसविलेले असतात, त्या आवरणास पुंगळी म्हणतात. बार उडाल्यावर गोळी, दारू व टोपीतील स्फोटक ही खर्ची पडतात. पुंगळी तेवढी मागे उरते. ती योग्य प्रकारे स्वच्छ केली व तपासली, तर पुन्हा भरता येते. अमेरिका, ब्रिटन व यूरोपातील काही देशांत रायफलीने नेम साधण्याचा खेळ खेळणारे अनेक हौशी लोक पुंगळ्या स्वतः स्वच्छ करून भरतात व त्यांतील काही जण रायफलही स्वतः जुळवितात. या छंदाचे यश व त्यातील सुरक्षितता ही दोन्ही पितळाच्या गुणधर्मांवर अवलंबून असतात.

कार्य : दारू पेटताच निर्माण होणाऱ्या वायूच्या दाबाने पुंगळीची पातळ भिंत फुगते व रायफलीच्या कोठीच्या भिंतीस घट्ट चिकटते. त्यामुळे वायूला मागे, म्हणजे नेमबाजाच्या चेहऱ्याकडे, येण्यास वाट राहत नाही. गोळी नळीतून बाहेर पडून दाब उतरला की, पुंगळी किंचित आकसते आणि कोठीतून सहज ओढून काढता येते. फुगणे व पुन्हा आकसणे ही दोन्ही कामे करणाऱ्या धातूत मऊपणा व लवचिकपणा यांचा मेळ असावा लागतो. ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त यांच्या पितळात तो चांगला साधतो. म्हणूनच या मिश्रधातूस ‘काडतुशी पितळ’ असे नाव पडले आहे [⟶ पितळ]. पोलाद व ॲल्युमिनियम यांच्याही पुंगळ्या करतात. त्या स्वस्त पडतात, पण पुन्हा भरण्यास पितळी पुंगळीइतक्या उपयोगी नसतात.

इतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत दारू व गोळी कागदी पुडीत बांधीत. १८६६ च्या सुमारास ब्रिटनमध्ये एडवर्ड बॉक्सर व अमेरिकेत हायरम बर्डन यांनी बुडाच्या मध्यभागी टोपी असलेली काडतुसे प्रचारात आणली. बॉक्सर यांची सुरुवातीची पुंगळी पितळी पत्र्याची गुंडाळी करून बनविलेली होती. एकसंध ओढीव पुंगळी तिच्यानंतर रूढ झाली. बॉक्सर पद्धतीत टोपीमागे एकच मध्यवर्ती छिद्र असते व टोपीतील स्फोटक ज्यावर चेपले जाते ती ऐरण टोपीतच असते. बर्डन पद्धतीत ऐरण पुंगळीच्या बुडाचाच भाग असून छिद्रे बहुधा दोन असतात. बॉक्सर पुंगळीतून वापरलेली टोपी आतून सळई घालून सहज काढता येत असल्याने पुनर्भरणासाठी तीच सोयीची ठरली. गंमत अशी की, इंग्रज अधिकाऱ्याची पद्धत अमेरिकेत व अमेरिकनाची पद्धत यूरोपात अधिक पसरली.

निर्मिती : पितळी पट्टीतून चकत्या कापून त्यांच्या वाट्या करतात. या वाट्या साच्यांतून टप्प्याटप्प्याने ओढून लांबवितात. दर ओढीमागे धातू कठीण होत असल्याने मधूनमधून तो तापवून मऊ करावा लागतो. या क्रियेस अनुशीतन म्हणतात. शेवटी बूड ठोकून आकार देतात, खाच कातून काढतात, मान आवळतात आणि मानेचे पुन्हा अनुशीतन करतात. तयार पुंगळीचे बूड कठीण व मान मऊ असते. लष्करी काडतुसांच्या मानेवर दिसणारी निळसर-तपकिरी छटा या शेवटच्या तापविण्याची खूण असते. तो मळ नव्हे.

अमोनिया व मोसमी तडे : पितळी पुंगळीच्या एका दोषाचा शोध भारतातील अनुभवातून लागला. ब्रिटिश सैन्याच्या हालचाली पावसाळ्यात मंदावत, तेव्हा काडतुसे तबेल्यांत साठवून ठेवीत. पावसाळा सरल्यावर अनेक पुंगळ्यांना, विशेषतः गोळीभोवती आवळलेल्या तोंडाशी, तडे गेलेले आढळत. एकही बार न उडता धातू फुटावा, हे कोडे बराच काळ सुटले नाही. ऋतूशी संबंध दिसल्यामुळे इंग्रजीत या प्रकाराला ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव मिळाले. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या संशोधकांनी त्याचा उलगडा केला. घोड्यांच्या मूत्रापासून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि थंड स्थितीत ओढल्यामुळे धातूत कोंडून राहिलेला ताण ही तिन्ही एकत्र आली की, स्फटिककणांच्या सीमांवरून भेगा पसरतात. तयार पुंगळीस बेताची उष्णता देऊन हा ताण कमी करणे, हा त्यावरील उपाय ठरला.

या शोधाचा हौशी नेमबाजाशी थेट संबंध आहे. घरगुती पितळ चकचकीत करण्याच्या अनेक द्रावणांत अमोनिया असतो. त्याने भांडे उजळते व त्याचे फारसे बिघडत नाही; पण तोच पदार्थ पुंगळीवर रेंगाळला, तर वरून सोन्यासारखी झळकणारी पुंगळी आतून कमकुवत झालेली असू शकते. पुंगळीच्या बाबतीत चकाकी ही बळकटीची खूण नव्हे.

टोपीचे अवशेष : जुन्या टोप्यांत पाऱ्याचे फल्मिनेट असे. बार उडताना सुटणारा पारा पितळात मुरून ते ठिसूळ करी. काळ्या दारूच्या भरपूर काजळीत हा पारा पसरून जाई. निर्धूम दारू आल्यावर मात्र दोष ठळक झाला. पोटॅशियम क्लोरेट असलेल्या टोप्या मागे मिठासारखा क्षार ठेवीत. तो हवेतील ओलावा ओढून रायफलीची नळी गंजवी. हा क्षार तेलाने निघत नाही, पाण्यानेच विरघळतो. १९२० नंतरच्या दशकात जर्मनीत शिशाच्या स्टिफ्नेटाच्या टोप्या पुढे आल्या आणि पुढे त्या सर्वत्र रूढ झाल्या. त्यांनी गंज टळला; पण शिसेयुक्त धूळ हा नवा धोका उभा राहिला.

स्वच्छतेच्या पद्धती : स्वच्छतेचा मुख्य हेतू शोभा हा नसतो. चिकटलेली वाळू व काजळी साच्याला आणि कोठीला ओरखडे पाडते व भेगा झाकून ठेवते, म्हणून ती काढावयाची असते. कोरड्या पद्धतीत मक्याच्या कणसांच्या बुरख्यांचा किंवा अक्रोडाच्या कवचांचा भरडा थरथरणाऱ्या अथवा फिरणाऱ्या पात्रात घालून त्यात पुंगळ्या घोळवितात. ओल्या पद्धतीत पाणी, साबण व गंजरोधी पोलादाच्या बारीक टाचण्या वापरतात. यात टोपीचा खळगाही स्वच्छ होतो. श्राव्यातीत ध्वनितरंगांच्या साहाय्यानेही मळ सुटा करतात. सायट्रिक अम्लाच्या सौम्य द्रावणाने काळपटपणा जातो. परंतु तीव्र अम्लात किंवा अधिक वेळ ठेवल्यास पितळातील जस्त निघून जाते व पृष्ठभागावर तांबूस-गुलाबी डाग पडतात. असे डाग धातूची हानी झाल्याचे दर्शवितात. कोरड्या भरड्यातून उडणारी धूळ शिसेयुक्त असल्याने हे काम उघड्या हवेत, मुलांपासून व स्वयंपाकघरापासून दूर करणे व नंतर हात धुणे आवश्यक असते. ओल्या पुंगळ्या फार तापवून वाळविणे घातक होय; साधारण २५० से. च्या पुढे थंड-कठीण पितळ मऊ होऊ लागते आणि मऊ झालेले बूड दाब सोसू शकत नाही.

तपासणी : स्वच्छ पुंगळीची मान चिरलेली आहे काय, टोपीचा खळगा सैल झाला आहे काय व बुडाच्या किंचित वर उजळ कडे दिसते काय, हे पाहतात. हे कडे म्हणजे भिंत ताणून पातळ झाल्याची खूण असते. वाकड्या टोकाची बारीक तार आतून फिरविली असता तेथे खोबण लागते. अशी पुंगळी पुढच्या बारास दुभंगण्याचा संभव असल्याने ती मोडीतच घालावी लागते.

रायफल जुळविण्याशी संबंध : पहिल्या व दुसऱ्या महायुद्धांनंतर माउझर, स्प्रिंगफील्ड इ. लष्करी रायफली मोठ्या संख्येने नागरी बाजारात आल्या. त्यांच्या खटका-यंत्रणेला नवी नळी व अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसवून शिकारी किंवा नेमबाजीची रायफल तयार करणे हा अमेरिकेत लोकप्रिय छंद बनला. या कामातील सर्वांत नाजूक माप म्हणजे बंद केलेल्या दट्ट्याचा दर्शनी भाग व कोठीतील काडतुसाला अडविणारी कड यांमधील अंतर. ते जास्त झाले, तर दर बाराला पुंगळी ताणली जाते आणि वर सांगितलेले उजळ कडे उमटते. म्हणून हे अंतर प्रमाणित मापकांनी तपासतात. रायफलीची जुळणी कशी झाली आहे, याची साक्ष वापरलेली पुंगळीच देते.

भारतातील स्थिती : पुण्याजवळील खडकी येथे १८६९ मध्ये दारूगोळा कारखाना सुरू झाला, जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथील कारखाना १९६४ चा आहे. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचे विसर्जन झाल्यावर हे दोन्ही ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या शासकीय कंपनीकडे आले. खासगी व्यक्तीस मात्र हा छंद येथे मोकळा नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार अग्निशस्त्रे व दारूगोळा तयार करण्यास अनुज्ञप्ती लागते आणि ‘दारूगोळा’ या संज्ञेत त्याचे सुटे भाग व ते बनविण्याची यंत्रसामग्री यांचाही समावेश होतो. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी रायफल जुळविण्यास संघराज्याचा कायदा सर्वसाधारणपणे मुभा देतो. तथापि घटक राज्यांचे निर्बंध निरनिराळे आहेत.