वरची खोली बांधताय? आधी हवा, मग फरशी

घरात लग्न ठरलं, बाळंतपण आलं की वस्तीत पहिला विचार होतो तो वर एक खोली चढवायचा. गेल्या मे महिन्यात कल्याणच्या एका वस्तीत आम्ही अशाच नव्या खोलीत गेलो. खाली चकचकीत फरशी, डोक्यावर पत्रा, पश्चिमेला मोठी काळी काच. आत वीस दिवसांचं बाळ तापलं होतं. त्याला खाली आणलं, जाड कपडे काढले, आईला अंगावर पाजायला सांगितलं. तासाभरात अंग निवलं. तरीही लगेच डॉक्टरांना दाखवलं, कारण इतक्या लहान बाळाचा ताप अंगावर काढायचा नसतो. तपासणीत दुसरं काही निघालं नाही. ताप खोलीचा होता.

म्हणून पैसे खर्च करण्याचा क्रम ठरवा.

पहिलं छत. दुपारची सर्वांत जास्त उष्णता पत्र्यातून येते. जयंतीला आपण घर रंगवतो, तेव्हाच पत्र्यालाही बाहेरून पांढरा रंग द्या. सिमेंटच्या पत्र्याला चुना चालतो, पण पावसात तो धुऊन जातो, दरवर्षी लावावा लागतो. पत्र्याखाली वीतभर पोकळी सोडून आतलं छत करा आणि त्या पोकळीला दोन्ही टोकांना जाळी ठेवा. थर्माकोल वापरू नका, तो चटकन पेट घेतो.

दुसरं खिडकी. आपल्यासारख्या उष्ण-दमट हवेत खिडक्यांची उघडी जागा फरशीच्या एक-षष्ठांश असावी, असं राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. १० बाय १२ च्या खोलीला २० चौरस फूट, म्हणजे ४ बाय अडीचच्या दोन खिडक्या. त्या समोरासमोरच्या भिंतींत असाव्यात. एका बाजूला शेजाऱ्याची भिंत असेल तर तिच्या वर, छताजवळ झरोका काढा. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी अर्धीच उघडते, हे मोजताना धरा. बिजागरीची पूर्ण उघडते. काळी काच स्वतः तापते आणि दिवसाही दिवा लावायला लावते. त्यापेक्षा साधी काच लावून बाहेरून चटई किंवा बांबूचा पडदा सोडा. आतल्या पडद्यापर्यंत ऊन आलं, म्हणजे ते खोलीत आलंच.

घरात टीबीचा रुग्ण असेल तर उघडी खिडकी जास्तच महत्त्वाची. कोंडलेल्या हवेत जंतू साचतात, वाहत्या हवेत विरळ होतात.

तिसरं ऊब. बाळंतिणीला शेक द्यायला बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. झोपेतच माणूस जातो. थंडीत बाळाला आईच्या छातीशी धरा, त्याहून चांगली ऊब नाही.

१८९६ ला मुंबईत प्लेग आला, तेव्हा कोंदट घरांचा प्रश्न सरकारला दिसला. त्यातून १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्याने चाळी बांधल्या. परळच्या अशाच बी.आय.टी. चाळीत बाबासाहेब कित्येक वर्षं राहिले. हवा-उजेड हा घराचा थाट नाही, आरोग्य आहे, हे तेव्हापासून माहीत आहे.

मिस्त्रीला बोलावण्याआधी दुपारी दोन वाजता छतावर जा. ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो, ते पाहा आणि मगच खिडकीची खूण करा. पैसे कमी पडले तर फरशी पुढच्या वर्षी बसवा. खिडकी मात्र याच वर्षी.