शंकरपाळी टीप आणि खांद्यावरची साखळी

फेब्रुवारी १९५५मध्ये कोको शनेल यांनी पॅरिसमध्ये एक पर्स आणली आणि वर्ष-महिन्याचे आकडेच तिचं नाव होऊन बसले : २.५५. तेव्हा त्यांचं वय ७१ होतं. महायुद्ध सुरू झाल्यावर बंद केलेलं आपलं फॅशन हाऊस त्यांनी वर्षभरापूर्वीच पुन्हा उघडलं होतं. त्या काळी चारचौघांत जाणारी बाई पर्स हातात धरायची, नाहीतर कोपरात अडकवायची. एक हात कायम अडकलेला. २.५५ला लांब साखळी होती. पर्स खांद्याला आणि दोन्ही हात मोकळे. खांद्याच्या पिशव्या आधी नव्हत्या असं नाही, पण उंची फॅशनमध्ये त्यांना मान मिळाला तो इथून.

आज या पर्सची किंमत काही लाखांत जाते. तिच्यावरून घरच्या मशीनवर पर्स शिवता येते आणि ती शिवावीच, असं मला वाटतं; पण तिच्यावरून घ्यायची ती रचना. एकमेकांत अडकलेल्या दोन 'सी'ची ती खूण कंपनीची नोंदणीकृत मुद्रा आहे. ती लावली की आपल्या हातची चांगली वस्तू बनावट ठरते. शिवाय दोन 'सी'चं ते कुलूप मूळ पर्सवर नव्हतंच. १९८३मध्ये कार्ल लागरफेल्ड शनेलमध्ये आले, त्यानंतरची ती भर. मूळ कुलूप साधं, आयताकृती.

या पर्सचा जीव आहे तो शंकरपाळी टिपेत. मऊ चामडं एकटं लोंबतं, ताणलं की सैल पडतं. मागे भरण आणि अस्तर ठेवून तिरप्या टिपा मारल्या की ताण चौकटीचौकटीत वाटला जातो आणि मऊपणा न जाता आकार टिकतो. आपली गोधडी याच तत्त्वावर पिढ्यान्‌पिढ्या टिकते, फक्त तिथे हातचा धावदोरा असतो.

घरी करताना कापड मापात कापून मग टिपा मारायचा मोह होतो. तो टाळावा. टिपा मारल्या की कापड आत ओढलं जातं, लांबी-रुंदी दोन्हींत घटतं. म्हणून पर्स १० इंच बाय ६ इंचांची हवी असेल, तर प्रत्येक बाजूला किमान दोन इंच जास्तीचं कापड घ्यावं, पूर्ण टिपून काढावं आणि मगच कागदी नमुना ठेवून कापावं. वर कापड किंवा रेक्झिन, मध्ये तीन-चार मिलिमीटरचा फोम, खाली मलमल. मलमल नसेल तर मशीनचे दाते फोममध्ये रुततात आणि काम पुढे सरकत नाही. पहिली रेघ कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, मधोमध. पुढच्या रेघा तिच्या दोन्ही बाजूंना एक-एक इंचावर. प्रत्येक टीप एकाच दिशेने मारत गेलं तर वरचा थर हळूहळू सरकतो आणि चौकटी वाकड्या होतात, म्हणून एक रेघ वरून खाली, पुढची खालून वर.

रेक्झिनला टाका थोडा मोठा ठेवावा, तीन ते साडेतीन मिलिमीटर. बारीक टाक्याने भोकं इतकी जवळ येतात की रेक्झिन तिथेच फाटतं. सुई १६ नंबरची. टाचण्या नकोत, त्यांची भोकं बुजत नाहीत. ऑफिसातले कागद धरायचे चिमटे उत्तम. फूट चिकटत असेल तर रेक्झिनवर बटर पेपर ठेवून शिवावं, नंतर तो फाडून काढता येतो.

खणाची पर्स करणार असाल तर माझं मत वेगळं आहे. खणाचे काठ आणि बुट्टे आधीच बोलके असतात. त्यांवर तिरप्या चौकटी मारल्या की दोन्ही नक्ष्या एकमेकींना मारतात. तिथे काठाला समांतर, सरळ टिपा शोभतात. कापड पातळ असल्यामुळे मागे फ्युजिंग लावणं मात्र आवश्यक.

चांगल्या कारागिराची पारख होते ती झाकणापाशी. झाकण बंद केलं की त्यावरच्या रेघा खालच्या अंगावरच्या रेघांना अचूक जुळायला हव्यात. यासाठी आधी अंगाचा पुढचा भाग कापावा, त्यावर झाकणाचा कागदी नमुना ठेवून पेन्सिलीने रेघा उतरवून घ्याव्यात आणि त्या रेघा जुळवून झाकण कापावं. अर्धा तास जातो, पण पर्स घरची की दुकानची हे इथेच ठरतं.

जोडताना शिवणीच्या मायेतला फोम कातरून टाकावा, नाहीतर कोपऱ्यांवर इतके थर जमतात की सुई मोडते. तरीही जाड लागलं तर पायाने न चालवता हाताने चाक फिरवून एकेक टाका घ्यावा. आतलं अस्तर मूळ पर्समध्ये गडद लाल आहे. शनेल ज्या अनाथाश्रमात वाढल्या, तिथल्या गणवेशाचा तो रंग, असं सांगतात. आपण रंग कुठलाही घ्यावा, काळा सोडून. काळ्या अस्तरात किल्ल्या सापडत नाहीत.

साखळीसाठी आयलेट ठोकण्याआधी त्या जागी दोन थरांमध्ये जाड कॅनव्हासची पट्टी घालायला विसरू नये. पर्समधलं सगळं वजन त्या चार भोकांवर लटकतं, आणि घरची पर्स फाटते ती बहुतेकदा तिथेच.