फरसाणाच्या पुड्यावरचं इंग्रजी

घरात खाऊचा एखादा पुडा असेल तर तो आधी हातात घ्या. बिस्किटाचा, शेवेचा, चिप्सचा, कोणताही चालेल. रिकामा असला तरी चालेल. रेडिओवर आम्हाला अक्षर दाखवता येत नाही, म्हणून आजचा फळा तुमच्याच हातात.

छत्रपती संभाजीनगरला गेलं की गुलमंडीला पाय वळतातच. सुपारी हनुमानाच्या आसपासच्या गर्दीतून साड्या, भांडी, लग्नाचं सामान घेऊन आपण निघतो आणि जाता जाता लेकरांसाठी खाऊचे पुडे पिशवीत टाकतो. साडीचं कापड आपण दोन बोटांत धरून बघतो, भांडं वाजवून बघतो. पुडा मात्र नुसतं चित्र बघून घेतो. कारण मागच्या बाजूला बारीक अक्षरांत इंग्रजी असतं, आणि ते आपल्यासाठी नाही असं आपण धरून चाललो आहोत.

आमच्या गटाच्या बैठकीत आम्ही हेच पुडे वाचायला घेतले. पुस्तकाला पैसे लागतात, पुडा घरात पडलेला असतो. आणि पुस्तकातला शब्द एकदा येऊन जातो, पण पुड्यावरचे तेच ते शब्द दर आठवड्याला पुन्हा भेटतात. सॉल्ट म्हणजे मीठ, शुगर म्हणजे साखर, ऑइल म्हणजे तेल. हे तीन शब्द ओळखता आले की जवळजवळ प्रत्येक पुड्यावर काहीतरी ओळखीचं सापडतं. ज्यांना एबीसीडी येत नाही त्यांनी शाळेतल्या लेकराला शेजारी बसवा. लेकराला अक्षरं येतात, तुम्हाला पदार्थ कळतो. जोडी चांगली जमते.

आता पुडा उलटा करा. ‘इन्ग्रेडिएंट्स’ हा शब्द शोधा. म्हणजे आत काय काय घातलंय ते. ही यादी कशीही लिहीत नाहीत. जे वजनाने सगळ्यात जास्त, ते आधी, आणि मग उतरत्या क्रमाने बाकीचं, असा नियमच आहे. त्यामुळे सगळी यादी वाचता आली नाही तरी पहिले तीन शब्द वाचा. बिस्किटाच्या पुड्यावर समोर गव्हाच्या लोंब्यांचं चित्र असतं आणि मागे पहिलाच शब्द बऱ्याचदा ‘रिफाइन्ड व्हीट फ्लोअर’ निघतो. तो म्हणजे मैदा. साखर तर कधी कधी तीन नावांनी बसलेली असते: शुगर, इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज. घरात कोणाला मधुमेह असेल तर ही तिन्ही नावं चुलीजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा.

या ‘फ्लोअर’ शब्दाची एक गंमत आहे. गुल म्हणजे फूल, मंडी म्हणजे बाजार, हे आपल्याला माहीत आहे. इंग्रजीत फुलाला ‘फ्लॉवर’ म्हणतात आणि पिठाला ‘फ्लोअर’. स्पेलिंग वेगळं, उच्चार जवळजवळ एकच. मुळात हे दोन्ही एकच शब्द होते. दळलेल्या धान्यातला जो सगळ्यात बारीक, उत्तम भाग, त्याला ते लोक पिठाचं फूल म्हणायचे. म्हणजे फुलांच्या बाजारातून आपण पीठच घेऊन येतो म्हणायचं!

असे शब्द कळले की इंग्रजीची भीती कमी होते, हे आम्ही बैठकीत पाहिलं. शेंगदाण्याला इंग्रजीत ‘ग्राउंडनट’ म्हणतात. ग्राउंड म्हणजे जमीन, भुई. आपणही भुईमूगच म्हणतो, म्हणजे दोघांनी एकच विचार केला. ‘शुगर’ तर आपल्याकडूनच गेलेला शब्द. संस्कृतातली शर्करा फारसी, अरबी बोलणाऱ्यांच्या तोंडून युरोपात पोचली आणि शुगर झाली. ‘कँडी’च्या मुळाशी आपला खंड, म्हणजे साखरेचा खडा. उलट बटाटा, काजू, पाव हे शब्द पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आले, आणि तोच काजू इंग्रजीत ‘कॅश्यू’ झाला. शेवेच्या पुड्यावर ‘मॉथ बीन’ दिसलं तर दचकू नका. इंग्रजीत ‘मॉथ’ म्हणजे पतंगासारखा किडा, पण इथे ती आपली मटकी आहे.

तीन शब्द शिजवण्याचे. ‘फ्राइड’ म्हणजे तळलेलं, ‘रोस्टेड’ म्हणजे भाजलेलं, ‘बेक्ड’ म्हणजे भट्टीत भाजलेलं. समोर मोठ्या अक्षरांत ‘रोस्टेड’ असलं तरी मागे तेल कितव्या नंबरवर आहे ते बघाच.

नुसती हौस म्हणून आम्ही हे सांगत नाही. आमच्या एका गटातल्या मावशींच्या नातवाला शेंगदाणा चालत नाही, एक दाणा गेला तरी अंगावर गांध्या उठतात, ओठ सुजतात. मावशींची शाळा चौथीपर्यंत. त्यांनी चारच शब्द पाठ केले: ‘पीनट’, ‘ग्राउंडनट’, ‘कंटेन्स’ आणि ‘मे कंटेन’. पहिल्या दोन्हींचा अर्थ शेंगदाणा. ‘कंटेन्स’ म्हणजे यात आहे, ‘मे कंटेन’ म्हणजे यात असू शकतं. आता नातू दुकानातून पुडा आणतो तेव्हा आधी आजीच्या हातात देतो.

तारखेचंही तसंच. ‘मॅन्युफॅक्चर’ किंवा ‘पॅकिंग’ म्हणजे बनवल्याची किंवा भरल्याची तारीख. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे त्या तारखेपर्यंत चव आणि कुरकुरीतपणा चांगला राहील. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्सपायरी’ म्हणजे त्यानंतर खायचं नाही आणि दुकानदाराने विकायचंही नाही. काही पुड्यांवर तारीख सरळ न लिहिता ‘बेस्ट बिफोर फोर मन्थ्स’ असं लिहितात. मन्थ म्हणजे महिना. अशा वेळी बनवल्याच्या तारखेपासून चार महिने आपण बोटांवर मोजायचे. मिठाईच्या दुकानात सुटी मिठाई असते तिथेही 1 ऑक्टोबर 2020 पासून ट्रेवर ‘बेस्ट बिफोर’ तारीख लावणं बंधनकारक केलं होतं. दिसली नाही तर विचारा, विचारायला लाजू नका.

लेकरांच्या रंगीत पेयांच्या बाटलीवर फळाचं चित्र असतं. खाली बारीक अक्षरांत ‘कंटेन्स नो फ्रूट’ आहे का पाहा. म्हणजे यात फळ नाही. ‘फ्लेवर’ म्हणजे फळाचा नुसता वास आणि चव. शाकाहाराची खूण तर न वाचताही कळते: हिरव्या चौकटीत हिरवा गोल. मांसाहारी पदार्थावर तपकिरी चौकटीत त्रिकोण असतो.

आता आपल्या धंद्याचं. कितीतरी गट पापड, चटणी, दिवाळीचा फराळ विकतात. एका गटाची शेंगदाण्याची चटणी शहरातल्या एका दुकानदाराने चाखून पसंत केली आणि तरी परत पाठवली, कारण पाकिटावर फक्त गटाचं नाव आणि फुलाचं चित्र होतं. पाकिटावरची माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत असावी लागते. मराठी सोबत जरूर लिहा, पण नुसती मराठी चालत नाही. घटक, वजन, तारीख, गटाचा पत्ता, शाकाहाराची खूण आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा 14 आकडी क्रमांक, एवढं तरी हवंच. दुसऱ्यांचे पुडे वाचण्याचा उपयोग इथे होतो. त्या गटाने दहा कंपन्यांची रिकामी पाकिटं समोर ठेवली आणि आपल्या चटणीचे शब्द त्यांतूनच वेचले: ग्राउंडनट, रेड चिली, गार्लिक, क्युमिन, सॉल्ट. क्युमिन म्हणजे जिरं. धने असतील तर कोरिअँडर, हळद असेल तर टर्मरिक.

पदार्थाच्या नावाला मात्र इंग्रजी शब्द शोधत बसू नका. चिवडा हा चिवडाच, इंग्रजी अक्षरांत लिहिला तरी. घटकांच्या यादीत पोह्यांना ‘फ्लॅटन्ड राइस’, म्हणजे चपटा केलेला तांदूळ, असं लिहिलेलं तुम्हाला सापडेल. चकलीला, अनारशाला इंग्रजीत शब्द नाही, आणि त्यात आपलं काही अडत नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एक रिकामा पुडा आणायचा आहे. आतून पुसून आणा बरं का, नाहीतर आपल्या आधी मुंग्याच वाचून काढतील.