स्टालिनचे सगेसोयरे

मागच्या व्याख्यानात आपण प्लेटोच्या 'रिपब्लिक'चा पाचवा भाग पाहिला. राज्य चालवणाऱ्या वर्गाला स्वतःचं घर नको, स्वतःची मुलं नकोत, मुलं सगळ्यांची मिळून असावीत, म्हणजे 'माझं-तुझं' संपेल, असं प्लेटोचं म्हणणं होतं. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी चिठ्ठी दिली. प्रश्न असा की, सर, हे प्रत्यक्षात कुणी करून पाहिलंय का? आणि खाली पुस्ती: "हुकूमशहाच्या घरची माणसं तरी सुखात असतील ना?"

या दोन प्रश्नांचा एकमेकांशी संबंध आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्यांना तो जाणवला होता की नाही, ठाऊक नाही. पण आजचं सगळं बोलणं त्या पुस्तीवरच आहे.

आपल्याकडे साहेबांचा मेहुणा म्हटलं की लोक समजायचं ते समजतात. (हशा) सत्ता आली की सोयरे गोळा होतात, हा आपला अनुभव. म्हणून एक उलटं उदाहरण घेऊ या. जोसेफ स्टालिन. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून १९५३ पर्यंत सोव्हिएत संघात त्याच्या शब्दापुढे शब्द नव्हता. आता त्याच्या सोयऱ्यांची अवस्था पाहा. पहिल्या बायकोचा भाऊ, गोळी घालून ठार. त्या भावाची बायको, गोळी. पहिल्या बायकोची बहीण, गोळी. दुसऱ्या बायकोच्या बहिणीचा नवरा, म्हणजे साडू, गोळी. ती बहीण स्वतः तुरुंगात. दुसऱ्या बायकोच्या भावाची विधवा तुरुंगात, आणि तिची मुलगीसुद्धा. सून तुरुंगात. दुसऱ्या बायकोने तर स्वतःच गोळी झाडून घेतली होती.

का? पहिलं उत्तर आपल्याला लगेच सुचतं, ते भाऊबंदकीचं. हा शब्द मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. उत्तर कोरियात ते लागूही पडतं. तिथे सत्ता वारशानं जाते, त्यामुळे नातेवाईक हा दावेदार असतो. किम जोंग उनच्या आत्याच्या नवऱ्याला २०१३ मध्ये मृत्युदंड झाला आणि सावत्र भाऊ २०१७ मध्ये क्वालालंपूरच्या विमानतळावर विषप्रयोगानं मारला गेला. पण स्टालिनच्या सोयऱ्यांपैकी कुणीही गादीवर दावा सांगणारं नव्हतं. त्यातल्या बऱ्याच जणांची त्याच्यावर भक्ती होती. तेव्हा भाऊबंदकीनं हे कोडं सुटत नाही. दुसरं काहीतरी शोधावं लागतं.

त्यासाठी ही माणसं त्याला कधीपासून ओळखत होती ते पाहू. स्टालिनचा जन्म जॉर्जियातल्या गोरी गावी १८७८ सालचा. पुढे अधिकृत चरित्रांत १८७९ लिहिलं जायचं, म्हणजे जन्मसालसुद्धा दुरुस्त केलेलं. वडील चांभारकाम करणारे, दारुडे. आईनं, केकेनं, मोठ्या कष्टानं मुलाला तिफ्लिसच्या धर्मशाळेत घातलं, कारण मुलानं पाद्री व्हावं ही तिची इच्छा. १९३५ मध्ये स्टालिन तिला भेटायला गेला. सोव्हिएत संघाचा सर्वेसर्वा मुलगा समोर बसलाय आणि म्हातारीला हळहळ कसली, तर तू पाद्री झाला असतास तर बरं झालं असतं! १९३७ च्या जूनमध्ये ती गेली. मुलगा अंत्यविधीला गेला नाही.

पहिली बायको कातो स्वानिद्झे. लग्न १९०६ मध्ये, मुलगा याकोव १९०७ मध्ये, आणि त्याच वर्षी कातो आजारानं गेली. मुलगा मावश्या-मामांकडे जॉर्जियात वाढला. १९१९ मध्ये दुसरं लग्न, नादेझ्दा अलिलुयेवाशी. हे अलिलुयेव घराणं म्हणजे जुने क्रांतिकारक. १९१७ च्या जुलैमध्ये पोलीस लेनिनच्या मागावर होते, तेव्हा तो ज्या घरांत लपला त्यांतलं एक यांचं. स्टालिनला हे लोक शतकाच्या सुरुवातीपासून ओळखत होते, म्हणजे तो 'स्टालिन' हे नाव घेण्याआधीपासून. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नादेझ्दानं लेनिनच्या कचेरीत काम केलं होतं. पुढे ती औद्योगिक अकादमीत शिकायला गेली. मोठेपणा नको म्हणून ट्रामनं जायची असं सांगतात. ख्रुश्चेव्ह तिथे तिच्याबरोबर शिकत होता. १९३२ च्या नोव्हेंबरात, क्रांतीच्या पंधराव्या वर्धापनदिनाच्या मेजवानीत नवऱ्याशी खटका उडाला, ती उठून गेली आणि त्या रात्री तिनं स्वतःवर पिस्तूल झाडलं. ते पिस्तूल तिच्या भावानंच, पावेलनं, तिला दिलेलं होतं. मुलांना सांगण्यात आलं की आई अपेंडिक्सनं गेली. मुलगी स्वेतलाना तेव्हा सहा वर्षांची. खरं काय ते तिला कळलं सोळाव्या वर्षी, आणि तेही कुणी घरच्यानं सांगितलं नाही. इंग्रजी सुधारावं म्हणून ती परदेशी मासिकं वाचायची. त्यात तिच्या आईची आत्महत्या ही जणू सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणून छापलेली होती.

आता बघा, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला हे माहीत होतं. मामा, मावशी, आजी, आजोबा. सगळे दहा वर्षं गप्प. १९३८ मध्ये पक्षाचा अधिकृत इतिहास छापून आला. जुन्या छायाचित्रांतून माणसं पुसली जात होती. आणि या सगळ्या दुरुस्त्या चालू असताना दाचावर जेवायला येणाऱ्या चार-सहा माणसांच्या डोक्यात जुनी, न दुरुस्त केलेली प्रत शिल्लक होती. सरकारी दप्तर जाळता येतं. हे चालतंबोलतं दप्तर होतं.

यातला अलेक्सांद्र स्वानिद्झे, कातोचा भाऊ, मला फार विचार करायला लावतो. हा विद्वान माणूस. प्राचीन इतिहासाचं एक नियतकालिक त्यानं सुरू केलं, बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता. मुलाचं नाव काय ठेवलं, तर जॉनरीड! रशियन क्रांतीवर लिहिणारा अमेरिकन पत्रकार जॉन रीड, त्याच्यावरून. म्हणजे निष्ठा किती पक्की, बघा. त्याची बायको मारिया, ऑपेरात गाणारी. तिची रोजनिशी पुढे स्टालिनच्या खासगी कागदपत्रांतच सापडली. ती वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्यात स्टालिनवर माया आहे आणि खटल्यांत उभ्या केलेल्या 'देशद्रोह्यां'बद्दल भयंकर द्वेष आहे. यांना नुसतं मारून भागणार नाही, असा सूर. १९३७ च्या डिसेंबरात नवरा-बायको दोघांना अटक झाली. नवऱ्याला १९४१ मध्ये गोळी घातली, तिला १९४२ मध्ये. ख्रुश्चेव्हनं १९६१ च्या पक्ष-अधिवेशनातल्या भाषणात सांगितलं की, माफी मागितलीस तर सोडू, असा निरोप स्वानिद्झेला दिला गेला होता. गुन्हाच केला नाही तर माफी कसली, असं तो म्हणाला. हे कळल्यावर स्टालिनची प्रतिक्रिया काय, तर बघा किती गर्विष्ठ, मेला पण माफी मागितली नाही.

तेव्हा मारियाला आपण बळी म्हणायचं का? हो, म्हणायचं. पण रोजनिशी विसरून म्हणता येत नाही. साडू रेडेन्सचं तर आणखी अवघड. तो स्वतः गुप्त पोलिसांतला बडा अधिकारी. १९३७ मध्ये मॉस्कोची गुप्त पोलीस यंत्रणा त्याच्या हाताखाली होती, तेव्हा तिथे काय चाललं होतं ते मी सांगायला नको. १९४० मध्ये त्याच यंत्रणेनं त्याला गोळी घातली. दुष्ट आणि निरपराध अशा दोन रांगा लावून इथे भागत नाही. नीतिशास्त्र शिकवताना मुलांना सोपी उदाहरणं देण्याची आम्हा मास्तरांची खोड असते. हे उदाहरण मी वर्गात कधी दिलं नाही, द्यायला हवं होतं.

पावेल, ज्यानं बहिणीला पिस्तूल दिलं तो, १९३८ मध्ये सुट्टीहून परत आला, तर खात्यातल्या सहकाऱ्यांना अटक झालेली. त्याच दिवशी हृदयविकारानं गेला. नऊ वर्षांनी, १९४७ मध्ये, त्याच्या विधवेला पकडलं. आरोपांमध्ये एक असा की नवऱ्याला तिनंच विष घातलं! आणि तिची नणंद आन्ना, म्हणजे नादेझ्दाची बहीण? तिनं १९४६ मध्ये घरच्या आठवणींचं पुस्तक छापलं होतं. त्यात स्टालिनविरुद्ध काही नव्हतं, प्रेमानंच लिहिलेलं. फक्त तो घरातला माणूस दिसत होता. 'प्रावदा'नं त्यावर झोड उठवली आणि १९४८ मध्ये आन्ना तुरुंगात गेली. मावशीला का धरलं असं स्वेतलानानं वडिलांना विचारलं. उत्तराचा आशय असा की त्यांना फार माहीत होतं आणि त्या फार बडबडत होत्या. मघाशी मी जो अंदाज बांधत होतो तो त्या माणसानं स्वतःच मुलीला सांगून टाकला होता. दोघी सुटल्या त्या तो मेल्यानंतर, १९५४ मध्ये.

दत्तक मुलगा आर्तेम सेर्गेयेव यानं सांगितलेला एक प्रसंग आहे. धाकटा मुलगा वासिली शाळेत बापाच्या नावाचा तोरा मिरवायचा. बाप रागावला, तर हा म्हणाला, मीपण स्टालिनच आहे. त्यावर बाप म्हणाला, तू स्टालिन नाहीस आणि मीसुद्धा नाही. स्टालिन म्हणजे वर्तमानपत्रात आणि तसबिरीत असतो तो. प्रसंग खरा धरला तर घरात राहणारा माणूस आणि तसबिरीतला माणूस वेगळे आहेत हे त्याला पुरतं ठाऊक होतं. सगळ्या राष्ट्रांचा पिता ही तसबिरीतली पदवी. सगळ्यांचा बाप व्हायचं तर कुणा एकाचा बाप असून चालत नाही. प्लेटोचा 'माझं-तुझं' संपवण्याचा विचार असा घरात शिरला, फक्त प्लेटोला अभिप्रेत असलेलं सार्वजनिक हित मात्र दाराबाहेर राहिलं.

कायद्यात काय होतं? १९३५ मध्ये स्टालिन जाहीर सभेत म्हणाला होता की बापाच्या कृत्याला मुलगा जबाबदार नाही. ऐकायला किती छान! पण १९३४ च्या कायद्यानुसार पळून गेलेल्या सैनिकाच्या घरच्यांना, काही माहीत नसलं तरी, सैबेरियात पाठवता येत होतं. १९३७ मध्ये 'देशद्रोह्यां'च्या बायकांना छावणीत टाकण्याचा वेगळा हुकूमच निघाला. आणि १९४१ च्या ऑगस्टमध्ये हुकूम क्रमांक २७०: शत्रूच्या हाती सापडणारा अधिकारी म्हणजे पळपुटा, त्याच्या कुटुंबाला अटक.

तेव्हा याकोव जर्मनांच्या कैदेत होता. महिनाभरापूर्वीच पकडला गेला होता. म्हणून त्याची बायको, स्टालिनची सून, आत गेली. १९४३ मध्ये सुटली. त्याच वर्षी याकोव झाक्सेनहाउझेनच्या छावणीत मेला. जर्मन सेनापती पाउलुसच्या बदल्यात मुलगा घ्यायला बापानं नकार दिला, असं सांगितलं जातं. माझं मत विचाराल तर त्या नकाराबद्दल मी त्याला दोष देणार नाही. लाखो लोकांची मुलं कैदेत असताना आपलं एकट्याचं सोडवून आणणं कुठल्या न्यायात बसतं? पण सुनेला आत टाकलं, ते मात्र कुठल्याच न्यायात बसत नाही. लोक या दोन गोष्टी एकत्र करून एकतर त्याला महापुरुष ठरवतात नाहीतर राक्षस.

वासिलीचं थोडक्यात. पंचविशीच्या आत जनरल, दारू, बाप मेल्यावर दोन महिन्यांच्या आत अटक, तुरुंगात 'वासिल्येव' या खोट्या नावानं, १९६२ मध्ये कझानला मृत्यू. वय ४०.

आणि स्वेतलाना. १९५७ मध्ये तिनं बापाचं नाव टाकून आईचं घेतलं, अलिलुयेवा. वर सांगितलेला जॉनरीड छावण्या-हद्दपारीतून परत आला होता, त्याच्याशीही काही काळ तिचं लग्न होतं. म्हणजे बापानं ज्यांना मारलं त्यांच्या मुलाशी. नंतर मॉस्कोच्या इस्पितळात भेटले ब्रजेश सिंह, उत्तर प्रदेशातल्या कालाकांकरच्या राजघराण्यातले जुने कम्युनिस्ट. लग्नाला पंतप्रधान कोसिगिननं स्वतः नकार दिला. १९६६ मध्ये ब्रजेश सिंह गेले. अस्थी घेऊन जायची परवानगी मात्र मिळाली. २० डिसेंबरला ती दिल्लीत उतरली, कालाकांकरला गंगेत अस्थी विसर्जित केल्या आणि तिथेच राहावं असं तिच्या मनात आलं. आपल्या सरकारला मॉस्कोला दुखवायचं नव्हतं. ६ मार्च १९६७ च्या संध्याकाळी टॅक्सी करून ती दिल्लीतल्या अमेरिकन वकिलातीत गेली. आधीच लिहून ठेवलेल्या आठवणींचं हस्तलिखित भारताचे राजदूत टी. एन. कौल यांनी मॉस्कोबाहेर काढलेलं होतं. मावशी आन्नाला ज्यासाठी तुरुंग झाला तेच काम, घरात पाहिलेला माणूस लिहिण्याचं, भाचीनं पूर्ण केलं. मात्र मॉस्कोत तिची दोन मुलं मागे राहिली, मुलगी १६ वर्षांची. १९८४ मध्ये ती परत गेली, १९८६ मध्ये पुन्हा बाहेर पडली, आणि २०११ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये लाना पीटर्स या नावानं वारली.

समोरून प्रश्न आलाय: नातवंडांचं काय? दोघांबद्दल सांगतो. याकोवचा मुलगा म्हणून ओळखला जाणारा येवगेनी झुगाश्विली. आजोबांची बदनामी केली म्हणून त्यानं २००९ मध्ये 'नोवाया गाझेता' या वृत्तपत्रावर दावा लावला आणि तो हरला. वासिलीचा मुलगा अलेक्सांद्र बुर्दोन्स्की मॉस्कोच्या सेनादलाच्या थिएटरात नाट्यदिग्दर्शक होता. आजोबांबद्दल त्याला आदर नव्हता आणि तो ते उघड बोलायचा. बुर्दोन्स्की हे त्याच्या आईचं आडनाव.