पॉवर इलेक्ट्रॉनिक्समधील इंटर्नशिप: कोणत्या योजनेत अर्ज करावा?

समजा, रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात राहणारी एक विद्यार्थिनी पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रिकल शाखेत शिकते. तिला इन्व्हर्टर, चार्जर, यूपीएस यांच्या हार्डवेअरचे काम शिकायचे आहे. रायपूरजवळ उरला आणि सिलतरा येथे पोलाद कारखाने आहेत. तेथील इंडक्शन भट्ट्यांना लागणारी वीज पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या कन्व्हर्टरमधूनच मिळते. म्हणजे काम जवळ आहे. पण योजना निवडताना क्रम चुकला, तर दुसऱ्या योजनेचा लाभ हुकू शकतो.

शिक्षण चालू असेल तर?

2024 च्या नियमांनुसार पूर्णवेळ शिक्षण घेणाऱ्यांना प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेत अर्ज करता येत नव्हता. त्यांनी महाविद्यालयाच्या प्लेसमेंट कक्षामार्फत किंवा एआयसीटीईच्या इंटर्नशिप पोर्टलवरून संधी शोधावी. विद्यावेतन मिळेल की नाही, हे संबंधित कंपनीवर अवलंबून असते. रुजू होण्यापूर्वी ते लेखी विचारून घ्या.

शिक्षण पूर्ण झाले असेल तर?

1. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजना (एनएटीएस): ही योजना शिकाऊ उमेदवारी कायदा, 1961 अंतर्गत पदविका व पदवीधारकांसाठी आहे. 2019 मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार किमान मासिक विद्यावेतन पदविकाधारकास ₹8,000 आणि पदवीधरास ₹9,000 होते. किमान रकमेचा निम्मा भार केंद्र सरकार उचलते. छत्तीसगडचे काम मुंबईच्या पश्चिम विभागीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळाकडे आहे.

2. प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना: ही योजना 3 ऑक्टोबर 2024 रोजी प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. 2024 च्या नियमांनुसार कालावधी 12 महिने होता. तेव्हा दरमहा ₹5,000 मिळत. त्यापैकी ₹4,500 सरकार व ₹500 कंपनी देत असे. रुजू झाल्यावर एकदाच ₹6,000 मिळत. 2024 च्या नियमांनुसार वय 21 ते 24 वर्षे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ₹8 लाखांपर्यंत असावे, अशी अट होती. कुटुंबात कोणीही कायम सरकारी नोकरीत नसावे. निम्मा काळ तरी वर्गात न जाता प्रत्यक्ष कामात जावा, अशी अट आहे.

महत्त्वाची सूचना

एनएटीएसचे प्रशिक्षण पूर्ण केलेल्या उमेदवारास प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेत अर्ज करता येत नाही.

वरील विद्यार्थिनी 19 व्या वर्षी पदविका पूर्ण करील. एनएटीएस तिला लगेच उपलब्ध आहे: 2019 च्या दराने वर्षाला किमान ₹96,000. 2024 च्या नियमांनुसार दुसऱ्या योजनेसाठी तिला 21 वर्षांपर्यंत थांबावे लागले असते. त्या नियमांनुसार तेथे वर्षाचे एकूण ₹66,000 होत. मात्र त्या योजनेत देशातील मोठ्या कंपन्या आहेत. म्हणून केवळ रक्कम पाहू नका. सर्किट बोर्डची जुळणी, तपासणी, दुरुस्ती यांपैकी कोणते काम हाताने करायला मिळेल, हे विचारूनच निर्णय घ्या.

सुरक्षितता आणि विमा

230 व्होल्टचा पुरवठा रेक्टिफायरमधून गेल्यावर कॅपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट साठतात. स्विच बंद केला तरी ते काही काळ टिकतात. कॅपॅसिटर रिकामा झाल्याची मीटरने खात्री केल्याशिवाय बोर्डला हात लावू नका.

शिकाऊ उमेदवारास कामावर इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेत जीवनज्योती व सुरक्षा विमा योजनांचा हप्ता सरकार भरते. महाविद्यालयामार्फत जाणाऱ्यांनी विमा कोण काढणार, हे आधी विचारावे.

अर्ज करताना

आधार, शैक्षणिक प्रमाणपत्रे आणि आधारशी जोडलेले बँक खाते तयार ठेवा. दोन्ही योजनांच्या पोर्टलवर नोंदणी विनामूल्य आहे. नोंदणीसाठी कोणी पैसे मागितल्यास देऊ नका. अटी बदलू शकतात, म्हणून अर्जापूर्वी त्या पोर्टलवरील चालू सूचना वाचा.