भीमकुंड (चिखलदरा)

भीमकुंड हा अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा या थंड हवेच्या ठिकाणाजवळचा पावसाळी धबधबा व त्याखालील कुंड आहे. ज्या खोल दरीत हे पाणी कोसळते तिला कीचकदरा किंवा कीचकदरी म्हणतात. चिखलदरा सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर वसले आहे.

आख्यायिका

स्थानिक आख्यायिकेनुसार विराट राजाची नगरी याच डोंगरात होती. पांडवांच्या अज्ञातवासात कीचकाने द्रौपदीचा छळ केला, म्हणून भीमाने त्याला ठार मारून दरीत फेकले आणि कुंडात हात धुतले. त्यावरून दरीस व कुंडास ही नावे मिळाली आणि ‘कीचकदरा’ या शब्दाचे पुढे ‘चिखलदरा’ झाले, असे मानतात. जवळच्या वैराट या उंच ठिकाणाचे नावही विराट राजाशी जोडले जाते.

महाभारतातील कथा

महाभारताच्या विराटपर्वातील कथा काहीशी वेगळी आहे. द्रौपदी तेथे सैरंध्री या नावाने सुदेष्णा राणीची दासी असते, तर भीम बल्लव नावाचा आचारी असतो. राणीचा भाऊ व राज्याचा सेनापती असलेला कीचक भर सभेत द्रौपदीला लाथ मारतो. राजा त्याला शासन करीत नाही. न्याय न मिळाल्याने ती रात्री भीमाकडे जाते. भीम कीचकाचा वध दरीत नव्हे, तर नर्तनशाळेत करतो. प्रेत दरीत टाकण्याचा प्रसंग मूळ कथेत नाही.

विराटाचा मत्स्य देश अभ्यासक सामान्यतः आजच्या राजस्थानात, जयपूरजवळील बैराटच्या परिसरात मानतात. सातारा जिल्ह्यातील वाई हीच विराटनगरी, अशीही एक परंपरा आहे. त्यामुळे चिखलदऱ्याची कथा इतिहास म्हणून नव्हे, तर लोकपरंपरा म्हणून वाचणे योग्य ठरते. सत्ताधाऱ्याच्या अन्यायाची ही कथा मराठी समाजाने वेळोवेळी आपलीशी केली आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ (१९०७) या नाटकातील कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये ब्रिटिश सरकारने त्या नाटकावर बंदी घातली.

भूरचना

गाविलगडचे डोंगर लाव्हाच्या थरांपासून बनलेल्या बेसाल्ट खडकाचे आहेत. या खडकात कठीण व ठिसूळ थर एकावर एक आढळतात. ठिसूळ थर लवकर झिजतो, वरचा कठीण थर आधार सुटून तुटतो आणि उभे कडे तयार होतात. कड्यावरून पडणारे पाणी व त्यातील दगडगोटे तळ कोरतात. अशा जागी कुंडे निर्माण होतात. प्रवाह पावसावर अवलंबून असल्याने धबधब्याचे खरे रूप पावसाळ्यात दिसते आणि उन्हाळ्यात कडा बहुधा कोरडा असतो.

या डोंगराच्या दक्षिण उतारावरून निघणाऱ्या चंद्रभागा, शहानूर इत्यादी नद्या पूर्णा नदीस मिळतात. पायथ्यापलीकडील पूर्णेच्या सपाट खोऱ्यात भातकुली, दर्यापूर या तालुक्यांचा खारपाणपट्टा आहे. तेथील भूजल खारट असल्याने डोंगरावर पडणाऱ्या गोड्या पाण्याचे महत्त्व केवळ पर्यटनापुरते नाही.

भेट

अमरावतीहून परतवाडामार्गे चिखलदरा सुमारे ८० ते ८५ किमी आहे. भातकुलीकडून येणाऱ्यांना आधी अमरावती गाठणे सोयीचे पडते. परतवाड्यानंतर घाट लागतो. पावसाळ्यात घाटात व दरीवर दाट धुके असते. धबधबा काही क्षण दिसून पुन्हा झाकला जातो. तो दरीच्या काठावरून पाहतात. शेवाळामुळे काठचा खडक निसरडा होतो, तसेच वर जोराचा पाऊस झाल्यास प्रवाह अचानक वाढतो. म्हणून कठड्याबाहेर जाणे किंवा प्रवाहात उतरणे धोक्याचे आहे. आसपासचे जंगल मेळघाटचे आहे. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये सुरू झालेल्या देशातील पहिल्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक असून, या भागात प्लास्टिक व उरलेले अन्न टाकल्यास वन्यप्राण्यांना अपाय होतो.